मावशीच्या मोबाईलमागची 'लष्करी' फिल्म

"मोबाईलमागे ही मेटामटेरियल फिल्म चिकटवा. लष्करी तंत्रज्ञान! टू-जी ते फाइव्ह-जी, 99 टक्के रेडिएशन शोषून घेते. नेटवर्क फुल्ल. शोषलेल्या लहरींची वीज होऊन बॅटरी जास्त चालते. गरोदर बायकांनी अवश्य वापरा."

ग्रुपवर हा मेसेज फिरत होता तोवर मी सोडून दिलं. पण आता नौपाड्यात राहणाऱ्या माझ्या मावशीने दोन फिल्म विकत घेतल्यात. एक स्वतःला, दुसरी बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकीला.

अशी फिल्म असते, हे नाइलाजाने मान्य. रबाळ्याच्या एमआयडीसीत आम्ही पॉलिएस्टरवर चांदीच्या शाईने कीपॅडची सर्किटं छापतो. छपाईच्या तशाच स्क्रीनवरून बारीक कड्यांची नक्षीही छापता येईल. लहरींवरचा परिणाम अशा नक्षीतून साधणारा पदार्थ म्हणजे मेटामटेरियल. खाली विद्युतरोधक थर, त्याच्यामागे सलग धातू, की ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या लहरी त्यात जिरतात. 2008 साली बोस्टन कॉलेज आणि ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी या जातीचा शोषक मांडला, तेव्हा प्रत्यक्ष मोजलेलं शोषण 88 टक्के होतं, तेही 11.5 गिगाहर्ट्झच्या आसपास. बाकी फ्रिक्वेन्सींना तो जवळपास आंधळा.

म्हणजे 'टू-जी ते फाइव्ह-जी' इथेच आपटतं. रोझानोव्ह या संशोधकाने 2000 साली गणिताने दाखवून दिलंय, की मागे धातू असलेला शोषक फ्रिक्वेन्सींचा जितका मोठा पट्टा झाकणार तितका जाड व्हायलाच हवा. मोबाईलच्या 700 मेगाहर्ट्झपासून 3.5 गिगाहर्ट्झपर्यंतच्या लहरी 90 टक्के शोषायच्या, आणि चुंबकीय भुकटी वापरायची नाही, तर जाडी किमान दोन सेंटीमीटरच्या घरात जाते. मावशीची फिल्म कागदाएवढी आहे! धातू काढून नुसती नक्षी ठेवली, तर इतका पातळ थर फार तर निम्मी ऊर्जा शोषेल. 99 कुठून आणले?

पण खरा संताप त्या 'नेटवर्क फुल्ल'चा आहे. फोन टॉवरशी बोलतो तो याच लहरींनी. त्या 99 टक्के अडवल्या तर कॉल लागेल कसा? आणि थोड्या जरी अडल्या तरी फोन गप्प बसत नाही. टॉवरला आवाज पोचेना म्हणून तो स्वतःची पॉवर वाढवतो. दाराआड उभं राहून कुणी मोठ्याने ओरडावं, तसं. ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा कवचांबद्दल लोकांना हाच इशारा दिलाय: सिग्नलमध्ये अडथळा येऊन फोन उलट जास्त उत्सर्जन करू शकतो. म्हणजे सातव्या महिन्यातल्या पोरीला पैसे मोजून हे दिलं!

बॅटरीचं सोडाच. टॉवरकडून फोनपर्यंत येते ती ऊर्जा वॉटच्या अब्जांशाहून सहसा कमी, आणि शाईत जिरलेल्या लहरींची उष्णता होते, वीज नाही.

'मग डब्ल्यूएचओने कॅन्सरचं का म्हटलं?' असं मावशी विचारतेच. त्यांच्या कर्करोग संस्थेने 2011 साली या लहरी 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकल्या, हे खरं. पुरावा मर्यादित होता म्हणूनच 'कदाचित'. काळजी वाटत असेल तर स्पीकरवर बोला, किंवा वायरचा इअरफोन लावा. आपल्याकडे फोनसाठी एसएआरची, म्हणजे शरीरात लहरींची किती ऊर्जा जिरते त्या मापाची, मर्यादा 1.6 वॉट प्रति किलो आहे. स्टार हॅश शून्य सात हॅश दाबलं की बहुतेक फोनवर आकडा दिसतो. फुकट.

आणि विकणाऱ्याकडे फक्त एक गोष्ट मागा: कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती शोषण, याचा प्रयोगशाळेचा आलेख. लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट नको.