भाजी लपवण्याआधी ती शिजवण्याची रीत बदलावी

भाजी न खाणाऱ्या मुलांसाठी ती वाटून कणकेत किंवा सॉसमध्ये मिसळावी, असा सल्ला एका लेखात वाचला. तो अडीअडचणीला उपयोगी आहे. परंतु तेवढ्यावरच थांबल्यास मुलाला भाजीची खरी चव कधीच कळत नाही. मुलांचा राग पुष्कळदा भाजीवर नसून ती शिजवण्याच्या पद्धतीवर असतो. कोबी किंवा फ्लॉवर फार वेळ शिजवल्यास त्यांतील गंधकयुक्त घटकांमुळे उग्र वास सुटतो. तोच कोबी बारीक चिरून मोठ्या आचेवर काही मिनिटे परतला, तर कुरकुरीत आणि गोडसर लागतो. भेंडी धुऊन पूर्ण कोरडी करावी, मगच चिरावी, झाकण न ठेवता परतावी, दोन आमसुले घालावीत आणि मीठ शेवटी टाकावे, म्हणजे ती बुळबुळीत होत नाही.

दुधीचे थालीपीठ, दही घातलेले लाल भोपळ्याचे भरीत, शेंगदाणे आणि हरभऱ्याची डाळ घातलेली पालकाची ताकातली भाजी हे पदार्थ आपल्या घरांत पूर्वीपासून आहेत, आणि माझ्या मते त्यांची सर कोणत्याही सॉसला येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सहा ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान ३५० ग्रॅम भाज्या व फळे सुचवली आहेत. एवढे प्रमाण एका जेवणात गाठणे अवघड असल्याने डब्यात आणि मधल्या वेळच्या खाण्यातही गाजर, काकडी द्यावी. थंडीत पुण्याच्या मंडईत मटाराचे ढीग लागतात, तेव्हा शेंगा सोलण्याचे काम मुलांकडेच सोपवावे. सोलता सोलता ती कच्चे दाणे आपणहून खातात.