तो फोटो झोपून काढलेला आहे

गेल्या महिन्याभरात तो मेसेज मला चौघांनी पाठवला. दोन पेशंट, एक मावसबहीण आणि आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. सुरुवातच ‘गुडघ्याची वाटी बदलू नका!’ अशी. पुढे दावे: पीआरपी इंजेक्शनने (आपल्याच रक्तातला प्लेटलेटचा दाट भाग गुडघ्यात टोचतात, ते) झिजलेली गादी पुन्हा तयार होते, दहापैकी नऊ जण बरे होतात, स्वतःचंच रक्त असल्यामुळे साइड इफेक्ट शून्य, ऑपरेशन कायमचं टळतं, आणि डॉक्टर हे लपवतात कारण त्यांची कमाई ऑपरेशनात आहे. सोबत एक्स-रेचे दोन फोटो, आधीचा आणि नंतरचा.

मी दादरला फिजिओथेरपी करते. सकाळपासून रात्रीपर्यंत गुडघेच बघते, म्हणून उत्तर देते आहे.

आधी गादीचं बघू, कारण बाकी सगळी इमारत त्याच दाव्यावर उभी आहे. पीआरपीत दंडातून थोडं रक्त काढतात आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. लाल पेशी तळाशी बसतात, वर पिवळसर प्लाझ्मा राहतो. त्यातला प्लेटलेट दाट असलेला भाग घेऊन सांध्यात टोचतात. प्लेटलेटमधून जी प्रथिनं सुटतात ती जखम भरायला मदत करतात, इथपर्यंत खरं आहे. पण विळीवर कापलेलं बोट भरून येतं ते तिथे रक्त पोचतं म्हणून. गुडघ्यातल्या कूर्चेला, म्हणजे त्या गादीला, रक्तवाहिन्याच नाहीत. तिच्यात पेशी मोजक्या, त्याही संथ. आणि झिजेच्या संधिवातात नुसती गादी बिघडत नाही. खालचं हाड, सांध्याचं अस्तर, आजूबाजूचे स्नायू, सगळंच बिघडतं.

बरं, तर्क सोडा, मोजून बघितलंय का? बघितलंय. ऑस्ट्रेलियात ५० वर्षांवरच्या २८८ जणांवर एक चाचणी झाली, निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. सगळ्यांचा आजार सौम्य ते मध्यम, म्हणजे पीआरपीचे समर्थकही ज्यांना ‘योग्य पेशंट’ म्हणतील असेच. निम्म्यांना आठवड्याला एक अशी तीन पीआरपी इंजेक्शनं, निम्म्यांना तशीच नुसत्या मिठाच्या पाण्याची. कुणाला काय मिळालं हे पेशंटला ठाऊक नाही, टोचणाऱ्यालाही नाही. वर्षाने एमआरआयवर कूर्चा मोजली. पीआरपीवाल्यांची १.४ टक्के कमी झाली होती, मिठाच्या पाण्यावाल्यांची १.२ टक्के. हा फरक नगण्य आहे. पण वाढ दोन्हीपैकी कुठल्याच गटात दिसली नाही.

मग त्या फोटोत फट रुंद दिसते ती कशी? माझ्याकडे एक काकू येतात. साडीच्या दुकानाच्या पिशवीत सगळे एक्स-रे घेऊन. त्यांनी एका क्लिनिकमध्ये पीआरपी करून घेतलं होतं आणि तिथेच त्यांना ‘बघा, गादी भरली’ म्हणून दोन फिल्मा दाखवल्या होत्या. मी त्या खिडकीच्या उजेडात धरल्या. पहिलीच्या कोपऱ्यात ‘स्टँडिंग’ असा शिक्का होता. दुसरीवर काहीच नव्हतं. काकूंना विचारलं, तर म्हणाल्या, “दुसऱ्या वेळी टेबलावर झोपवलं होतं गं.” उभं राहिलं की अंगाचं वजन पडून दोन हाडं जवळ येतात, आडवं झालं की फट मोकळी दिसते. गुडघा थोडा वाकलेला असला तरी फट बदलते. कूर्चा तर साध्या एक्स-रेत दिसतच नाही, आपण फक्त मधली जागा बघत असतो. मेसेजमधल्या फोटोतही पहिल्या चित्रात उभं असल्याची खूण आहे आणि दुसऱ्यातून तो कोपराच कापलेला आहे. मुद्दाम कापला का, ते मला माहीत नाही. पण असे दोन फोटो शेजारी ठेवून काहीही सिद्ध होत नाही.

‘दहापैकी नऊ बरे होतात’ हा दावा मला जास्त अवघड वाटतो, कारण यात पेशंट खोटं बोलत नसतो. काकूंनाही खरोखर बरं वाटलं. चारेक महिने त्या दादरचा पूल कठडा न धरता चढल्या. त्याच ऑस्ट्रेलियन चाचणीत पीआरपीवाल्यांची वेदना ० ते १० च्या पट्टीवर सरासरी २.१ ने उतरली. पाण्यावाल्यांची १.८ ने! म्हणजे पाण्यानेही जवळजवळ तेवढंच. गुडघ्याचं दुखणं भरती-ओहोटीसारखं असतं, आणि माणूस डॉक्टरकडे जातो तो भरतीच्या दिवशी. नंतर ओहोटी यायचीच, श्रेय मात्र इंजेक्शनला जातं. त्यात रक्त काढणं, मशीन फिरणं, जाड सुई, हजारोंचं बिल, एवढं सगळं झाल्यावर मनही गुडघ्याला साथ देतं.

दुसरी बाजू दडवत नाही. चंदीगडच्या पीजीआय या सरकारी इस्पितळात ७८ पेशंटच्या १५६ गुडघ्यांवर झालेल्या अभ्यासात पीआरपी मिठाच्या पाण्यापेक्षा सरस ठरलं होतं, २०१३ साली. दुखणं दोन-तीन आठवड्यांत कमी झालं, सहाव्या महिन्याला मात्र फायदा थोडा ओसरू लागला होता. ऑस्ट्रेलियन चाचणीत प्लेटलेट पुरेशा दाट नव्हत्या, असा आक्षेप आहे आणि तो विचार करण्याजोगा आहे. पण हा आक्षेपच सांगतो की पीआरपी ही एक ठरलेली वस्तू नाही. कुणाच्या सिरिंजमध्ये प्लेटलेट दुप्पट, कुणाच्या पाचपट. कुणी पांढऱ्या पेशी ठेवतं, कुणी काढतं. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत गुडघा आणि खुब्यासाठी पीआरपी देऊ नका असं ठामपणे म्हटलं, त्यामागे हेही एक कारण होतं. तिथल्याच अस्थिशल्यविशारदांच्या संघटनेने २०२१ मध्ये ‘दुखणं कमी होऊ शकतं’ म्हटलं, पण पुरावा मर्यादित अशी पुस्ती जोडून. तेव्हा एखाद्या चांगल्या ऑर्थोपेडिकने सुरुवातीच्या झिजेत, सगळं सांगून, एकदा करून बघू म्हटलं तर मी भांडायला जाणार नाही.

स्वतःचं रक्त असलं तरी सुई सांध्यात जाते. इंजेक्शननंतर दोन-चार दिवस गुडघा सुजणं, ठणकणं नेहमीचं. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर सांध्याचं वाटोळं होतं. ‘शून्य’ कुठून आलं?

ऑपरेशन टळतं या दाव्याने होणारं नुकसान मी रोज बघते. हाडाला हाड घासतंय, पाय धनुष्यासारखा वाकलाय, रात्रीची झोप उडालीय, तरी माणूस तिसऱ्या पीआरपीसाठी पैसे जमवतोय. तोवर मांडीचे स्नायू वाळतात, आणि पुढे ऑपरेशन झालं तरी त्यातून उभं राहणं जड जातं. उलट ज्यांची झीज थोडी आहे त्यांना ऑपरेशन कुणी सांगितलेलंच नसतं, मग टळलं काय? त्यांच्यासाठी मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन कमी करणं याला पुरावा कितीतरी भक्कम आहे. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. (माझं दुकान व्यायामाचंच आहे, हे ध्यानात ठेवून वाचा. पण हे व्यायाम खुर्चीत बसून, फुकट, मालिका बघता बघता होतात.)

राहिलं डॉक्टरांच्या कमाईचं. खासगी इस्पितळांची बिलं मलाही ठाऊक आहेत. पण कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली. सर्रास वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला तेव्हा ५४,७२० रुपये, जीएसटी वेगळा. पीआरपीला क्लिनिक किती घेतं? काकूंनी एका गुडघ्याचे दिले, दुसऱ्याचे लेकाने देऊ दिले नाहीत. आणि ‘डॉक्टर लपवतात’ म्हणणाऱ्या त्या मेसेजच्या तळाशी एक मोबाइल नंबर आहे, त्याखाली बारीक अक्षरात: दोन्ही गुडघे एकदम केल्यास सवलत.