रॉक फॉस्फेट, जिप्सम आणि ‘कितीही टाका’ हा सल्ला

पेरणीचे दिवस जवळ आले की शेतीच्या व्हॉट्सॲप गटांवर या आशयाचा संदेश फिरू लागतो: ‘खनिजं ही धरणीमातेची देणगी आहे, रसायन नव्हे. रॉक फॉस्फेट, जिप्सम, झिओलाइट कुठल्याही जमिनीत कितीही टाका. नैसर्गिक असल्यानं सेंद्रिय प्रमाणपत्राला बाधा येत नाही. सरकारी नियम फक्त युरिया-डीएपीला आहेत.’ यात खरं एवढंच, की दळलेली काही खनिजं सेंद्रिय शेतीत चालतात. बाकीचं तपासून घेऊ.

शेवटचं वाक्य सरळ खोटं आहे, ते आधी निकालात काढू. रॉक फॉस्फेट, म्हणजे दळलेला फॉस्फेट खडक, खत नियंत्रण आदेश १९८५ मध्येच आहे आणि त्यात एकूण स्फुरद (फॉस्फरस) किमान १८ टक्के असावं लागतं. २००६ पासून सेंद्रिय खतंही याच आदेशाखाली आली. शहरी कचऱ्याच्या कंपोस्टमध्ये किलोमागे कॅडमियम ५, आर्सेनिक १० आणि शिसं १०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही.

आता ‘प्रमाणपत्राला बाधा नाही’. चिली देशातल्या वाळवंटात नायट्रेटच्या खाणी आहेत. हे नायट्रेट कुठल्याही कारखान्यात जन्माला आलेलं नाही, शंभर टक्के नैसर्गिक. तरीही आपल्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात, म्हणजे एनपीओपीत, त्यावर युरियासारखीच बंदी आहे. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत तर बंदी घातलेल्या नैसर्गिक पदार्थांची वेगळी यादीच आहे आणि तीत आर्सेनिक आहे, तंबाखूची भुकटीही आहे. रॉक फॉस्फेटला एनपीओपीत बंदी नाही, पण मोकळं रानही नाही. ज्यात जड धातू जास्त असू शकतात म्हणून प्रमाणीकरण संस्थेनं मर्यादा घालायची, अशा निविष्ठांमध्ये मानकांनी त्याचं नाव घेतलंय, तेही सांडपाण्याच्या गाळाशेजारी. खनिज खत शेणखत-कंपोस्टला पूरक म्हणून द्यायचं, त्यांच्या जागी नाही, असंही तिथं म्हटलंय.

जड धातू म्हणजे इथं मुख्यतः कॅडमियम. समुद्राच्या गाळातून बनलेल्या फॉस्फेट खडकात तो जास्त असतो, ज्वालामुखीजन्य खडकात बराच कमी. त्यामुळे ‘रॉक फॉस्फेट विषारी आहे’ हा उलटा संदेशही मला पटत नाही. माल कुठल्या खाणीचा यावर सगळं अवलंबून आहे. युरोपीय संघानं २०२२ पासून स्फुरद खतांना किलोभर पी-टू-ओ-फाइव्हमागे (खतातलं स्फुरद याच रूपात मोजतात) ६० मिलिग्रॅम कॅडमियमची मर्यादा लावली. त्याच मर्यादेवरचा, १८ टक्क्यांचा माल एकरी २०० किलो टाकला तर जमिनीत साधारण २ ग्रॅम कॅडमियम जातो. एकरातली वरची सहा-सात इंच माती सुमारे ९ लाख किलो भरते. त्या हिशेबानं ही भर नगण्य आहे, घाबरायचं कारण नाही. पण ‘कितीही’ म्हणत दरवर्षी टनभर टाकलं तर वीस वर्षांत किलोभर मातीमागे पाव मिलिग्रॅमच्या आसपास वाढ होते, आणि पुष्कळ जमिनींत मुळात असलेला कॅडमियमही एवढ्याच घरातला असतो. तो कुजून नाहीसा होत नाही. माणसाच्या मूत्रपिंडातही तो दशकानुदशकं मुक्काम करतो.

न्यूझीलंडनं हे भोगलंय. नाउरू बेटाच्या फॉस्फेटपासून बनवलेलं सुपर फॉस्फेट तिथल्या कुरणांवर वर्षानुवर्षं पडलं. कॅडमियम गवतातून जनावरांच्या मूत्रपिंडात उतरला आणि शेवटी अडीच वर्षांवरच्या जनावरांची मूत्रपिंडं खाण्यासाठी विकणं थांबवावं लागलं. सुपर फॉस्फेट कारखान्यात बनतं हे खरं, पण त्यातला कॅडमियम खडकातूनच आलेला होता.

जिप्समच्या बाबतीत प्रश्न वेगळा आहे. खाणीतलं जिप्सम एक आणि फॉस्फोजिप्सम दुसरं. फॉस्फोरिक आम्ल बनवताना टनामागे सुमारे ५ टन फॉस्फोजिप्सम उरतं आणि खडकातला बराचसा रेडियम, म्हणजे किरणोत्सर्गी धातू, त्यातच राहतो. म्हणून अमेरिकेत रेडियम-२२६ चं सरासरी प्रमाण ग्रॅममागे १० पिकोक्युरीपर्यंत (हे किरणोत्सर्ग मोजायचं एकक) असेल तरच ते शेतात वापरता येतं. चोपण, म्हणजे सोडियमनं बिघडलेली, जमीन सुधारायला ते उपयोगी पडतं, हे नाकारायचं कारण नाही. पण युरोपच्या सेंद्रिय नियमांत फक्त नैसर्गिक मूळ असलेलं जिप्सम बसतं. माल निर्यातीचा असेल तर बिलावर नुसतं ‘जिप्सम’ लिहून घेऊन भागणार नाही.

धुळीबद्दल तर तो संदेश चकार शब्द काढत नाही. अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या लिबी गावचं व्हर्मिक्युलाइट हे खनिज घरांच्या भिंतींत आणि बागांच्या मातीत गेलं. त्या खाणीत निसर्गतःच ॲस्बेस्टॉस मिसळलेलं होतं. खाण १९९० मध्ये बंद झाली, पण माणसं त्यानंतरही मरत राहिली. झिओलाइटच्या कुळातल्या एरिओनाइट या तंतुमय खनिजानं तुर्कस्तानातल्या काही गावांत फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग पसरवला. बाजारातलं प्रत्येक झिओलाइट तसलं नसतं. गोणीत नेमकं कुठलं झिओलाइट आहे हे मात्र विक्रेत्याला सांगता आलं पाहिजे, आणि फोकताना रुमाल नव्हे, मास्क लावायला हवा.

राहिलं ‘कुठल्याही जमिनीत’. आपल्याकडे खिसा कापला जातो तो इथंच. रॉक फॉस्फेट विरघळायला आम्ल लागतं. सामू (पीएच) साडेपाचच्या आसपास किंवा खाली असेल तर ते पिकाला लागू पडतं. मराठवाडा-विदर्भातल्या चुनखडीच्या काळ्या रानात सामू आठच्या घरात. तिथं ते वर्षानुवर्षं दगडच राहतं. टाकायचंच असेल तर शेणखतात कुजवून, स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंसोबत. अशाच रानात कुणी चुना टाकायला सांगितला तर उसावरचा केवडा, म्हणजे लोहाअभावी पानं पिवळी पडणं, आणखी वाढेल. बेसाल्टची, म्हणजे काळ्या कातळाची, भुकटी तर काळ्या मातीला तिच्याच बापाचा दगड विकत घेऊन देण्यासारखी आहे. जिप्समचं खरं काम सामू साडेआठच्या वर गेलेल्या, सोडियमनं घट्ट झालेल्या चोपण जमिनीत. सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात अशी रानं आहेत, पण निचऱ्याचे चर नसतील तर सुटलेलं सोडियम जागीच बसतं आणि जिप्समचे पैसे पाण्यात.

कोकण-गोव्याची जांभ्याची आम्लधर्मी जमीन मात्र दळलेल्या रॉक फॉस्फेटसाठी सोयीची. तिथं ते जरूर वापरा. आधी माती परीक्षण करा, विक्रेत्याकडून त्या खेपेचा धातूंचा अहवाल घ्या आणि प्रमाणपत्र असेल तर संस्थेची लेखी परवानगी गोणी फोडायच्या आधी मिळवा.