फुली तिथे सही

गृहकर्ज घ्यायचं ठरवलंत? उत्तम. आता सगळी चौकशी थांबवा. चार बँकांच्या पायऱ्या चढून दर विचारत फिरणं घर घेणाऱ्या माणसाला शोभत नाही. ते काम बिल्डरच्या ऑफिसात कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेला मुलगा करून ठेवतो. "सर, काम झालंच समजा," असं तो म्हणाला की खुशाल समजा. फाइल बँकेत लॉगिन होणार की हाउसिंग फायनान्स कंपनीत, हे विचारून त्याचा हिरमोड करू नका. बँकांना ऑक्टोबर २०१९ पासून नवी फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराची गृहकर्जं रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो) बाहेरच्या दराला जोडावी लागतात आणि तीन महिन्यांतून निदान एकदा दर रिसेट करावा लागतो. कंपन्यांवर हे बंधन नाही. त्या आपला दर घरच्या घरी ठरवतात. घरगुती कारभारात आपण कशाला नाक खुपसायचं?

मग 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचा एक कागद येतो. ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या गृहकर्जाबरोबर तो द्यावाच लागतो, तोही तुम्हाला कळेल अशा भाषेत. त्यात एपीआर असतो, म्हणजे प्रोसेसिंग फी वगैरे सगळं धरून कर्ज खरोखर केवढ्याला पडतं तो आकडा. जाहिरातीतल्या आकड्याशी तो ताडून पाहू नये, उगाच मन खट्टू होतं. त्यात न लिहिलेला आकार तुमच्या संमतीशिवाय लावता येत नाही, आणि कागद हाती आल्यावर विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात. पण तुम्ही तो घरी नेऊन वाचत बसलात आणि त्या मुलाचं महिनाअखेरचं टार्गेट हुकलं, तर? कुणाच्या पोटावर पाय आणून घर घेऊ नये.

सह्यांचा कार्यक्रम मी स्वतः यथासांग पार पाडला आहे. साठेक पानांचा गठ्ठा, प्रत्येक पानावर शिसपेन्सिलीची बारीक फुली. "इथे, इथे, आणि हे मागच्या बाजूला." पेन कर्ज देणाऱ्यांचंच. विसाव्या पानाच्या आसपास हात आपोआप चालू लागतो, आणि नेमका तिथेच विम्याचा फॉर्म असतो. मी विचारलं, "हे कंपल्सरी आहे का?" ते म्हणाले, "सर, सगळेच घेतात." उत्तर किती देखणं आहे पाहा: 'हो' नाही, 'नाही'सुद्धा नाही. तोच विमा, आमच्याकडूनच घ्या, अशी सक्ती त्यांना करता येत नाही, हे मला नंतर कळलं. तोवर एकरकमी हप्ता कर्जातच मिळवून झाला होता. आता मी विम्यावरही व्याज भरतो.

हिशेब तर अजिबात करू नका. पन्नास लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं: हप्ता साधारण ४३,३९१ रुपये. पहिल्या हप्त्यातले ३५,४१७ रुपये व्याजात जातात आणि मुद्दलातून कमी होतात आठ हजारांनाही थोडे कमीच. पुढे दर एक टक्क्यानं वाढला आणि हप्ता आहे तेवढाच राहिला, की आपल्याला वाटतं, बरं झालं, खिशाला झळ नाही. झळ मुदतीला लागते. सुरुवातीलाच दर साडेनऊ झाला, तर वीस वर्षांची जवळजवळ पावणेसव्वीस होतात. म्हणजे सुमारे ६९ हप्ते जास्त, आणि त्याची खबर एका एसएमएसमध्ये येते, ओटीपी आणि सेलच्या मेसेजच्या मधोमध.

रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२३ मध्ये सांगून ठेवलंय की रिसेटच्या वेळी कर्जदाराला निवड द्या: हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की थोडं थोडं दोन्ही. फिक्स्ड दराकडे जायची वाटही ठेवा, असंही तेव्हा बजावलं होतं; ऑक्टोबर २०२५ पासून ती वाट ठेवणं कर्ज देणाऱ्याच्या मर्जीवर आहे. आदर्श कर्जदार या भानगडीत पडत नाही. २०२५ मध्ये रेपो साडेसहावरून सव्वापाचवर आला, तेव्हाही आपलं कर्ज अजून जुन्या एमसीएलआरवरच (बँक स्वतःच्या खर्चावरून ठरवते त्या दरावर) का, असा कोता विचार त्याच्या मनात आला नाही. बोनस मिळाला तर त्यानं गाडी घेतली. मुदतीआधी पैसे भरले तर दंड बसतो, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. व्यक्तीच्या फ्लोटिंग गृहकर्जावर असा दंड लावायला २०१२ पासून बंदी आहे, पण सांगणारा वयानं मोठा होता.

हप्ते थकले तर काय, यावर मला विनोद सुचत नाही, म्हणून सरळ सांगतो. वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. दंड आकारता येतो, पण त्या दंडावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बुडीतकडे झुकलेलं ठरतं, आणि मग सरफेसी कायद्याखाली (तारण घर ताब्यात घेऊन विकू देणारा कायदा) आधी ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते. तिला लेखी हरकत घेतलीत, तर १५ दिवसांत उत्तर द्यायचं बंधन त्यांच्यावर आहे. नोटीस न फोडता कपाटात ठेवणारे लोक मी पाहिलेत.

असो. वीस (की पावणेसव्वीस?) वर्षांनी शेवटचा हप्ता भरून तुम्ही मूळ कागदपत्रं मागायला जाल. "फाइल गोडाऊनला आहे, पुढच्या आठवड्यात या." जा. त्याच्या पुढच्या आठवड्यातही जा. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत कागद परत द्यायचे आणि त्यांच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची, हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. पण ज्यांनी इतकी वर्षं सांभाळलं त्यांच्याकडे पैसे मागायचे? लेखी तक्रार करून ३० दिवस थांबायचं आणि मग फुकटात रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं, हे तर फारच झालं.

कागद मिळाले की पोचपावतीवर सही करावी लागते. फुली मारलेली असेलच. पेन मात्र आठवणीनं परत द्या, ते त्यांचं आहे.