मोरजीचा रशियन मतदान करणार नाही, काळजी नसावी

नोव्हेंबर २०२५ मध्ये गोव्यात मतदारयाद्यांची विशेष सखोल फेरतपासणी सुरू झाली, बीएलओ (मतदान केंद्र पातळीवरचे निवडणूक कर्मचारी) घरोघर अर्ज वाटू लागले आणि त्याच सुमाराला एक फॉरवर्ड आमच्या फोंड्याच्या ग्रुपांवर येऊन पडला. देवस्थानच्या ग्रुपवर आला, भजनी मंडळाच्या आला, शाळेच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर तर तिघांनी टाकला. मजकूर साधारण असा: सेक्युलर लोकांना परदेशी माणसांना मताधिकार द्यायचा आहे. युरोपात त्यांनी तो देऊन दाखवला, आता भारताची पाळी. गोव्यात पोर्तुगीज पासपोर्टवाले आत्ताच मतदान करतात, ओसीआय कार्डवाल्यांना (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना) तर हक्कच मिळालेला आहे, उद्या मोरजीच्या किनाऱ्यावर सीझनला राहणारे रशियन रांगेत दिसतील. धर्मनिरपेक्षता म्हणजे आपले-परके न मानणे, तेव्हा हे होणारच.

यातली एक गोष्ट अर्धी खरी आहे. तिच्याकडे सावकाश येतो.

शेवटचे वाक्य आधी घेऊ, कारण सगळी गोम तिथे आहे. संविधानात ३२५ आणि ३२६ ही कलमे भिंतीला भिंत लावून बसली आहेत. ३२५ म्हणते, प्रत्येक मतदारसंघाची एकच सर्वसाधारण यादी असेल आणि धर्म, वंश, जात, लिंग एवढ्याच कारणावरून कोणाचे नाव तिच्यातून वगळता येणार नाही. इंग्रजांनी १९०९ पासून मुसलमानांसाठी वेगळे मतदारसंघ काढले होते, त्या प्रकाराला हे उत्तर होते. ३२६ सांगते मत कोणाला: भारताच्या नागरिकाला, वय १८ पूर्ण असेल तर (१९८९ पर्यंत ते २१ होते). म्हणजे यादी करताना देव विचारू नका, हे ३२५. नागरिकत्व विचारा, हे ३२६. धर्मनिरपेक्षतेचे घर पहिले आणि परदेशी माणसाला अडवणारे दुसरे. फॉरवर्डवाल्याने भांडायला जाताना शेजाऱ्याची बेल वाजवली आहे. ‘सेक्युलर’ हा शब्द १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीतला म्हणून कोणी नाक मुरडेल, पण ३२५ पहिल्यापासून आहे.

आणि गोव्यातल्या हिंदूने तरी या शब्दाला इतके तोंड वाकडे करू नये. १९१० साली पोर्तुगालची राजेशाही गेली, १९११ मध्ये तिथे चर्च आणि सरकार वेगळे झाले, त्यानंतर कुठे इथल्या हिंदूंना सरकारी शाळा-नोकऱ्यांत बरोबरीने पाऊल टाकता आले. आमचे आजोबा ‘रिपब्लिका’ हा शब्द सणाचे नाव घ्यावे तसा घेत.

आता युरोप. ‘तिथल्या सेक्युलरांनी मत दिले’ हे वाचायला चटपटीत आहे, पण जरा देश मोजून पाहा. स्वीडनमध्ये परदेशी रहिवाशांनी स्थानिक निवडणुकीत पहिल्यांदा मत दिले ते १९७६ मध्ये. त्या वेळी स्वीडनचे ल्युथरन चर्च सरकारी चर्च होते. ते नाते सुटले २००० साली. डेन्मार्कने १९८१ मध्ये असाच हक्क दिला, आणि तिथल्या राज्यघटनेत आजही राष्ट्रीय चर्च आहे, राजाही त्याच चर्चचा असावा लागतो. नॉर्वेत १९८३ च्या स्थानिक निवडणुकांत परदेशी रहिवाशांनी मतदान केले, सरकारी चर्चची तरतूद घटनेतून बदलली ती २०१२ मध्ये. इंग्लंडचा राजा आजही चर्चचा प्रमुख आहे, आणि तिथे राष्ट्रकुलातल्या नागरिकाला थेट पार्लमेंटसाठी मत देता येते.

मग धर्मनिरपेक्षतेचा सर्वांत मोठा ढोल वाजतो कुठे? फ्रान्समध्ये. १९०५ चा चर्च-सरकार विभक्तीचा कायदा, २००४ पासून सरकारी शाळेत मुलींच्या डोक्यावरच्या रुमालाला बंदी. त्या फ्रान्समध्ये मितराँ यांनी १९८१ च्या जाहीरनाम्यात परदेशी रहिवाशांना स्थानिक मतदानाचे वचन दिले, निवडून आले, चौदा वर्षे अध्यक्ष राहिले, कायदा झाला नाही. युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला तिथे आजही नगरपालिकेतसुद्धा मत नाही. ज्यांच्या घरात देवघर होते त्यांनी पाहुण्याला पाटावर बसवले आणि देवघर बाहेर काढणाऱ्याने ओसरीवरच थांबवले, असा हा हिशेब. यातून कोणी उलटा नियम काढू नये. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, एवढेच मला दाखवायचे आहे.

लक्झेंबर्गचे तर कोणी सांगतच नाही. तिथल्या रहिवाशांत जवळपास निम्मे परदेशी, त्यांतला सर्वांत मोठा गट पोर्तुगीजांचा. २०१५ मध्ये सार्वमत झाले: दहा वर्षे राहिलेल्या परदेशी माणसाला संसदेसाठी मत द्यावे का? सुमारे ७८ टक्क्यांनी नाही म्हटले, आणि विषय मिटला.

हेही खरे की धर्मनिरपेक्ष मंडळींत या प्रश्नावर दोन तट आहेत. एकांचे म्हणणे, जो कर भरतो आणि ज्याच्यावर कायदा चालतो त्याला निदान गावापुरता आवाज असावा. दुसऱ्यांचे म्हणणे, राष्ट्र रक्तावर किंवा देवावर उभे नसून नागरिकत्वावर उभे आहे, म्हणून मत नागरिकत्वाला चिकटलेले असावे. फक्त नागरिकत्वाच्या दाराशी धर्म विचारू नये. भारतात सेक्युलर म्हणवणारे बहुतेक दुसऱ्या तटावर आहेत. सीएएला त्यांचा विरोध होता तो नागरिकत्व देताना धर्म पाहू नये म्हणून, परदेश्यांना मतपत्रिका वाटा म्हणून नव्हे. माझे विचाराल तर पंचायतीतही नको. ज्याचा व्हिसा दर काही काळाने सरकारच्या मर्जीवर वाढतो, त्याचे मत कितीसे मोकळे राहणार?

मोरजीचे रशियन या एका ओळीतच संपतात: १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १६, भारताचा नागरिक नसलेल्याचे नाव यादीत येऊ शकत नाही. जीएसटी भरला, घर भाड्याने घेतले, दहा सीझन काढले, तरी नाही.

ओसीआयचा गोंधळ नावामुळे होतो. ‘ओव्हरसीज सिटिझन’ म्हटले की दुहेरी नागरिकत्व वाटते. नागरिकत्व कायद्याचे कलम ७ब वाचले तर कळते की तो एक लांबलचक व्हिसा आहे. मत नाही, आमदारकी नाही, सरकारी नोकरी नाही. दुबईतला किंवा कुवेतमधला आपला माणूस वेगळा. पासपोर्ट भारताचा असेल तर २०११ पासून तो फॉर्म ६अ भरून मतदार होऊ शकतो, मात्र मत द्यायला विमानाने इथे यावे लागते.

आता ती अर्धी खरी गोष्ट. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्यांची नावे आपल्या याद्यांत आहेत. हे नाकारणारा गोव्यात राहत नसावा. पण ती तिथे कोणाच्या विचारसरणीमुळे आली नाहीत. माणूस बाहेर गेला, नाव काढायला कोणी गेले नाही, इतके ते साधे आहे. कायदा स्वच्छ आहे: दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारताचे संपते, आणि पासपोर्ट घेतला हा त्याचा निर्णायक पुरावा. लिस्बनला फक्त जन्मनोंद केली, पासपोर्ट काढला नाही, अशांचे काय यावर वाद आहे. तो निवाडा कलम ९(२) प्रमाणे केंद्र सरकारने करायचा, भजनी मंडळाच्या ग्रुपने नव्हे. शिवाय पोर्तुगालचा कायदा नागरिकत्व देताना धर्म विचारत नाही. १९६१ पूर्वी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेला आणि त्याचे वंशज, बस्स. दीवच्या कितीतरी हिंदू घरांत तो लाल पासपोर्ट आहे. फॉरवर्डमध्ये त्यांचा उल्लेख नाही, यावरून रोख कोणावर आहे ते समजते.

आमच्या वाड्यावर एक मावशी आहेत, मुंडकारी घर (म्हणजे जमीनमालकाच्या जागेवरचे), एकुलता मुलगा २०१६ पासून इंग्लंडला, स्विंडनमध्ये. बीएलओने दोन अर्ज दिले, एक तिचा, एक त्याचा. ती दोन्ही घेऊन माझ्याकडे आली. त्याने पोर्तुगीज पासपोर्ट केल्याचे सगळ्या वाड्याला ठाऊक. मी म्हटले, मावशे, त्याच्या कागदावर तू सही करू नकोस; खोटे लिहून देण्याला वर्षापर्यंतची शिक्षा आहे. ती बराच वेळ कागद घडी घालत, उलगडत राहिली. मग हळूच म्हणाली, “नांव काडल्यार घर वतलें रे?” (नाव काढले तर घर जाईल का रे?) तिची भीती ही होती. मताशी तिला काही देणेघेणे नव्हते. छापील यादीत पोराचे नाव असणे म्हणजे घरावर त्याचा हात असणे, अशी तिची समजूत. घरपट्टीची पावती कुठे असते, जमिनीच्या नोंदीचा एक-चौदाचा उतारा म्हणजे काय, हे पुन्हा एकदा सांगितले. दुसऱ्या दिवशी तिने मुलाचा कोरा अर्ज बीएलओच्या हातात परत दिला.

रात्री मुलाचा फोन आला. रागावलेला नव्हता, पण त्याला चुटपुट लागली होती. त्याच्याच खोलीत शिरोड्याचा एक मुलगा राहतो, भारतीय पासपोर्टवर, वर्क व्हिसा घेऊन आलेला. जुलै २०२४ मध्ये ब्रिटनची सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून तो पार्लमेंटसाठी मत देऊन आला. याला पोर्तुगीज म्हणून फक्त तिथल्या कौन्सिलचे मत. “मागीर म्हजें मत खंय?” (मग माझे मत कुठे?) त्याने विचारले. मी सांगितले, लिस्बनला. पोर्तुगालच्या संसदेत २३० जागा, त्यांतल्या दोन युरोपात राहणाऱ्या पोर्तुगीज मतदारांसाठी. तो हसला. बीआय, म्हणजे पोर्तुगीज ओळखपत्र, करायला चार दिवस लिस्बनला गेला होता, त्यातले दोन दिवस पाऊस होता म्हणाला.