जायचं कुठं, ते पण सांगा ना

"एवढा मारतो तर राहता कशाला त्याच्याजवळ?" हे मी पण बोललेय, खोटं कशाला सांगू. आमच्याकडे पोळ्यांना येतात त्या ताई दंडावर वळ घेऊन यायच्या आणि मी चहाचा कप पुढं करत हेच विचारायचे. मग जूनमध्ये एका रात्री सव्वाअकराला त्या खरंच निघून आल्या. वॉचमनचा फोन आला म्हणून खाली गेले तर त्या, आठ वर्षांची पोरगी, तेरा वर्षांचा पोरगा आणि एक कापडी पिशवी. पिशवीत पोरांच्या वह्या, पोरीचा युनिफॉर्म आणि कुकरची शिट्टी. कुकर नाही, नुसती शिट्टी. हे काय म्हटलं तर म्हणाल्या, "लावू दे की त्याला आता कुकर!" हसावं की रडावं कळेना. आधार कार्ड मात्र घरीच, तांदळाच्या डब्यात.

आधी पोलिसांकडे गेलो, तर "नवरा-बायकोचं आहे, सकाळी या." ती रात्र आमच्या हॉलमध्ये काढली.

सकाळी 181 लावला. महिलांसाठीची हेल्पलाइन आहे, नंबर सेव्ह करून ठेवा, आणि जिवावर बेतलं असेल तर सरळ 112. तिथून सखी वन स्टॉप सेंटरचं कळलं. ही योजना 2015 पासून आहे, डॉक्टर, वकील, समुपदेशन, तात्पुरता मुक्काम सगळं एका ठिकाणी, आणि तिथल्या मॅडम खरंच नीट बोलल्या, उगाच सरसकट शिव्या मी घालणार नाही. पण मुक्काम पाच दिवसांपर्यंतच. पुढं शक्ती सदन, म्हणजे जास्त दिवस राहता येईल असं बायकांचं सरकारी निवारागृह, पूर्वीचं स्वाधार. आणि मग तो प्रश्न आला, मुलगा किती वर्षांचा? तेरा. मग तो आईसोबत नाही राहू शकत, त्याची सोय बालगृहात करावी लागेल.

नियमामागचं कारण मला कळतं हो. मार खाऊन आलेल्या बायका, वयात आलेल्या मुली, तिथं मोठी मुलं नकोत. पण ह्या पोरानं आदल्या रात्री मधे पडून बापाच्या हातातला पट्टा धरून ठेवला होता, तळहातावर बकलाची खूण होती त्याच्या. त्याला सांगायचं काय, की बाबा तू आता पुरुष झालास, तू वेगळा राहा? ताई उठल्या आणि पोरांना घेऊन बहिणीकडे गेल्या. दहा बाय दहाची खोली, तिथं आधीच चार माणसं. पोरगा रात्री मित्राकडे झोपतो.

बेघर म्हटलं की आपल्याला स्टेशनबाहेर, पुलाखाली झोपलेला माणूस दिसतो. ही बाई रोज अंघोळ करून, वेणी घालून चार घरच्या पोळ्या करते, म्हणून ती बेघर वाटतच नाही कुणाला.

आणि मला राग कशाचा येतो माहितीये? घर सोडायचं तिनंच का? 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात कलम 19 आहे, त्यात कोर्ट मारणाऱ्या नवऱ्यालाच घराबाहेर काढू शकतं, नाहीतर बायकोसाठी तशाच दुसऱ्या घराची सोय कर, भाडं भर, असा आदेश देऊ शकतं. घर सासूच्या नावावर आहे म्हणून तुझा काही हक्क नाही, हे पण आता चालत नाही, 2020 साली सुप्रीम कोर्टानं आपलाच 2006 चा जुना निकाल रद्द केला. विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, बाईचं उत्पन्न बघत नाहीत. हे सगळं आहे, आम्ही पण केस टाकलीये. कायदा म्हणतो 60 दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करा. आम्हाला पाच महिने झालेत आणि हातात फक्त पुढची तारीख.

पुण्याजवळ वढू बुद्रुकला 'माहेर' म्हणून बायका-पोरांचं निवारागृह आहे ना, ते सिस्टर लुसी कुरियन यांनी 1997 ला सुरू केलं. त्याची सुरुवात कशी झाली माहितीये? 1991 मध्ये एक गरोदर बाई त्यांच्याकडे आसरा मागायला आली, जागा नव्हती, उद्या ये म्हणाल्या. त्या रात्री नवऱ्यानं तिला पेटवलं. पोलिसांचं ते "सकाळी या" ऐकताना माझ्या डोक्यात हेच फिरत होतं.

निवारे वाढवा, हवेतच. पण निवाऱ्यानंतर काय, यावर कुणी बोलत नाही. ह्या ताई महिन्याला बारा हजार कमावतात, भाडं कसंबसं भरतील, अडलंय ते डिपॉझिटवर आणि घरमालकाच्या "मिस्टर कुठं असतात?" वर. माझं म्हणणं, सरकारनं असल्या बायकांचं डिपॉझिट भरावं आणि पहिल्या सहा महिन्यांचं भाडं द्यावं. आई-पोरं एकत्र राहतील आणि कुणाला पोराचं वय विचारावं लागणार नाही.

ते होईल तेव्हा होईल. सध्या आम्ही ज्या चार घरी त्या काम करतात, त्यांनी मिळून वीस हजार जमवलेत. हडपसर-मांजरीकडे कुणाची साधी खोली किंवा वन आरके असेल तर इनबॉक्स करा. नळ बाहेर असला तरी चालेल. मुलगा तेरा वर्षांचा आहे, मिस्टर नाहीयेत, दोन्ही आधीच सांगून ठेवते.