मुंगी जिवंत आहे, पण अळीचं काय?

मुंगीमित्र, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना तो ओसरला, कारण तुमचा एक मुद्दा सरळसरळ बरोबर आहे. प्रतिक्रियेच्या चौकटीत उत्तर मावेना म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी: तो स्ट्रुमिजेनिस या उष्णकटिबंधात भरपूर आढळणाऱ्या शिकारी मुंगीबद्दल होता. लांबी जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर, मुक्काम पालापाचोळ्याच्या कुजक्या थरात. त्यात मी ठोकून दिलं होतं, "ही मुंगी फक्त जिवंत स्प्रिंगटेल खाते, बाकी काही नाही." (स्प्रिंगटेल म्हणजे ओल्या पाचोळ्यात राहणारे, उडी मारणारे बारके जीव.) त्यावर तुम्ही लिहिलंत: "फक्त वगैरे काही नसतं, भूक लागली की सगळे खातात. माझा मित्र चिरडलेल्या फळमाश्या आणि मधपाणी देतो, अडीच महिने झाले, मुंग्या ठणठणीत आहेत. तुमच्यासारखे लोक छंद उगाच अवघड करून ठेवतात. आणि धड दिसतही नाही अशी मुंगी डबीत कोंडून मिळतं काय?"

आधी कबुली. 'फक्त' हा शब्द चुकला. या एका वंशात साडेआठशेहून जास्त प्रजाती आहेत, त्या सगळ्यांना एकाच पंगतीला बसवणं हा माझा आळस. स्प्रिंगटेल हे बहुतेकींचं मुख्य खाद्य आहे, पण त्याच थरात राहणारे डिप्ल्युरा, सिम्फिला असे इतर बारके, मऊ अंगाचे जीवही त्या धरतात. आखूड जबड्यांची मेम्ब्रानिफेरा ही प्रजाती तर याबाबतीत बरीच सढळ आहे. तेव्हा इथे तुम्ही जिंकलात.

पण "भूक लागली की सगळे खातात" हे मात्र पटत नाही. भूक पोटात असते, पण घास तोंडात जायला तोंडही तसं लागतं. माझ्याकडे आहे ती लांब जबड्यांची प्रजाती. तिचे जबडे म्हणजे ताणून ठेवलेला सापळा. ती ते जवळजवळ सरळ रेषेत उघडते आणि वरचा ओठ मध्ये खिट्टीसारखा अडकवते. त्याच ओठावर दोन लांब केस असतात. केसांना भक्ष्य लागलं की खिट्टी सुटते आणि जबडे मिटतात. सगळा खेळ मिलिसेकंदांचा. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार ही सापळ्याची रचना या एकाच वंशात 7 ते 10 वेळा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली आहे. एखादी गोष्ट निसर्गात इतक्या वेळा नव्याने घडते ती कशासाठी? तर समोरचं भक्ष्य तसंच आहे म्हणून. स्प्रिंगटेलच्या पोटाखाली दुमडलेली एक दुबेळकी शेपटी असते, ती सुटली की तो प्राणी स्वतःच्या लांबीच्या कितीतरी पट दूर उडतो. साधी मुंगी मिशा हलवत पोचेपर्यंत तो गायब.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं, म्हणजे मिळतं काय याचं, उत्तर इथेच देऊन टाकतो. परवा रात्री भिंगाखाली पाहिलेला प्रसंग. एक कामकरीण जबडे मिटून निवांत चालली होती. समोर तीन-चार मिलिमीटरवर एक पांढरा स्प्रिंगटेल यीस्टचा कण चघळत होता. ती थबकली. अंग खाली दाबलं, जबडे उघडले आणि तशीच बसून राहिली. मी घड्याळ पाहिलं नाही, पण माझी मान अवघडली एवढा वेळ. मग एक पाय. थांबा. मग दुसरा. स्प्रिंगटेल वळला तर ही पुन्हा दगड. शेवटी ते दोन केस त्याच्या पाठीला टेकले असावेत, कारण पुढचं मला दिसलंच नाही. दिसलं ते एवढंच की स्प्रिंगटेल तिच्या जबड्यात आहे, तिने त्याला जमिनीवरून अलगद उचललंय आणि त्याची शेपटी हवेत नुसती फडफडतेय. रेटायला खाली जमीनच नाही! मग पोट पुढे वाकवून तिने नांगी मारली. फडफड थांबली. तिने पकड नीट केली आणि घराकडे निघाली. अडीच मिलिमीटरचा जीव हो, आणि ही चाल! दिसत नाही म्हणता, तर एक बरं भिंग घ्या.

आता तुमच्या मित्राच्या अडीच महिन्यांकडे वळू. मतभेदाची खरी जागा ही आहे.

ज्या अन्नाला हालचाल नाही ते या मुंगीला अन्न म्हणून जाणवतं का, हा पहिला प्रश्न. चिरडलेली फळमाशी मीही देऊन पाहिली आहे. एक-दोघी जवळ आल्या, मिशा लावल्या, एकीने ओल्या भागाला तोंडही लावलं. मग निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी माशीवर पांढरी बुरशी, तिसऱ्या दिवशी ती प्लास्टरवर पसरलेली. मधपाणी काही वेळा चाटतात, हे खरं आहे आणि प्रौढ मुंग्या त्यावर तगतात, हेही खरं. पण प्रौढ मुंगीची कंबर एवढी बारीक की घन अन्न तिच्या पोटात उतरतच नाही, ती द्रवावरच जगते. घन घास खातात त्या अळ्या. पकडून आणलेला स्प्रिंगटेल अळीच्या तोंडाशी ठेवला जातो आणि अळी तो कुरतडते. म्हणजे मधपाण्याने कामकरणींचा दिवस निघतो, घराचा नाही.

म्हणून मित्राला माझ्यातर्फे एवढंच विचारा: अडीच महिन्यांपूर्वी अळ्या किती होत्या, आज किती आहेत, आणि त्यातल्या किती कोषात गेल्या? मुंग्यांचं घर उपाशी पडलं की ते आधी मोठ्यांना नाही, पिलांना सोडतं. राणी अंडी घालणं कमी करते, घातलेली अंडी आणि लहान अळ्या खाल्ल्या जातात. बाहेरून पाहावं तर सगळं शांत, सगळ्या ठणठणीत. हे मी पुस्तकी सांगत नाही. माझं पहिलं घर असंच गेलं. चाळीसेक कामकरणी, एक राणी, दिसायला झकास. चौथ्या महिन्यात लक्षात आलं की एकही अळी नाही. मग एकेक म्हातारी होऊन पडत गेली आणि जागा घ्यायला मागे कुणी नव्हतं. त्या काळात मला कुणी विचारलं असतं तर मीही छाती ठोकून सांगितलं असतं, तीन महिने झाले, मस्त चाललंय.

आणि ते घर गेलं तेव्हा मी माश्या देत नव्हतो. स्प्रिंगटेलच देत होतो! फक्त चुकीचे. एका विक्रेत्याकडून जे कल्चर, म्हणजे डब्यात वाढवलेले स्प्रिंगटेल, आणलं त्यात होते पांढरे, गुबगुबीत, संथ प्राणी. मला वाटलं, वा, पळत नाहीत, मुंग्यांची चंगळ. प्रत्यक्षात ते ओनिक्युरिड गटातले निघाले. या गटाला उडी मारायची शेपटीच नसते. पळता येत नाही, म्हणून बचावाची दुसरी युक्ती: डिवचलं की त्वचेच्या बारीक छिद्रांतून घाणेरडा द्रव सोडायचा. माझ्या मुंग्या त्यांच्याजवळ जायच्या, मिशा लावायच्या आणि मागे सरून तोंड पुसत बसायच्या. मी मात्र डबीत स्प्रिंगटेल वळवळताना बघून समाधानी. सांगायचं हे की 'स्प्रिंगटेल द्या' हा सल्लाही अर्धवट आहे, कोणता ते पाहावं लागतं.

आता मी फोल्सोमिया कँडिडा या जातीचा स्प्रिंगटेल ठेवतो. हाही पांढरा, शिवाय आंधळा, पण याला शेपटी आहे आणि मुंग्या तो आवडीने धरतात. प्रयोगशाळांतून मातीतल्या विषारीपणाच्या चाचण्यांसाठी हाच प्राणी कित्येक दशकं वापरात आहे, त्यामुळे तो कसा पोसायचा यात गूढ काही उरलेलं नाही. नर लागत नाही, माद्याच माद्यांना जन्म देतात. वीस अंश तापमानाला अंडं साधारण दहा दिवसांत फुटतं आणि पिल्लू तीन आठवड्यांच्या पुढेमागे वयात येतं. झाकणाच्या डब्यात प्लास्टर ऑफ पॅरिस आणि कोळशाच्या भुकटीचा थर, तो ओला ठेवायचा, वर कोळशाचे काही तुकडे, आठवड्यातून दोनदा कोरड्या यीस्टचे चिमूटभर कण. यीस्ट जास्त टाकलं की बुरशी, कमी टाकलं की वाढ मंद. मुंग्यांना द्यायचे तेव्हा कोळशाचा एक तुकडा उचलून त्यांच्या डबीवर टिचकी मारायची, दहा-वीस खाली पडतात. पूर्ण वाढलेले माझ्या मुंग्यांना अंगाने जड जातात, म्हणून मी तरुण पिल्लांचा डबा वेगळा ठेवतो.

डबे तीन. एक कधीच पुरत नाही. माझं दुसरं घर गेलं ते याच कारणाने: कल्चरमध्ये शिकारी कोळीकीटक, ज्यांना सगळे माइट म्हणतात, शिरले आणि दहा-बारा दिवसांत डबा साफ. मुंग्यांची चूक नाही, माझ्या जपणुकीची नाही, फक्त राखीव डबा नव्हता. तेव्हापासून माझा क्रम पक्का आहे. आधी तीन महिने नुसते स्प्रिंगटेल पाळायचे. त्यांचे डबे न मरता चालले तर मुंगीचा विचार. खरं सांगायचं तर मी स्प्रिंगटेल पाळतो, मुंग्या त्यांच्या जिवावर जगतात.

यालाच तुम्ही छंद अवघड करणं म्हणता. तर हो, हा भाग अवघडच आहे, आणि तो मी केलेला नाही. नवख्याने सुरुवातीला साखर खाणारी, काहीही चालवून घेणारी मुंगी पाळावी, हे मी मूळ लेखातही लिहिलं होतं, तुमच्या नजरेतून सुटलं असेल. कोंडण्याबद्दलचा तुमचा प्रश्न मात्र मला हलका वाटत नाही. या मुंग्या लांब पल्ल्याच्या नाहीत. कुजक्या फांदीतली एक पोकळी आणि भोवतालचा पाचोळा, एवढं त्यांचं राज्य. ओल, अंधार आणि योग्य भक्ष्य मिळालं तर त्या पिढ्या वाढवतात. नाही मिळालं तर माझी पहिली दोन घरं. दोष डबीचा नाही, डबी सांभाळणाऱ्याचा. तो मी पत्करलाय.

एक गोष्ट तुम्ही काढली नाहीत, पण काढायला हवी होती. छंद सोडताना घर बाहेर ओतून देणारे लोक असतात. असं कधीही करू नका. मेम्ब्रानिफेरा, रोजेरी, एमी या याच वंशातल्या प्रजाती कुंड्यांच्या मातीतून आधीच जगभर पोचल्या आहेत. मेम्ब्रानिफेराच्या राण्या तर नराशिवायही पुढची पिढी घडवतात, हे 2010 मध्ये प्रसिद्ध झालं आहे. म्हणजे एक राणी निसटली तरी पुरे.

मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. 'फक्त' काढून 'मुख्यतः' घातलंय, खाली तुमच्या टोपणनावाचा उल्लेख केलाय. फळमाशीचा परिच्छेद मात्र तसाच ठेवलाय. मित्राने अळ्या मोजल्या की आकडा इथेच टाका, कमी निघाला तरी आणि जास्त निघाला तर नक्कीच. माझ्या तिसऱ्या घरात काल रात्री एकवीस अळ्या होत्या आणि चार कोष.